वीस गुंठे, चार शेळ्या आणि मे महिन्यातली विहीर

मुंबई महापालिकेच्या हद्दीत राहूनही ज्यांच्या घरामागे अजून माडांची वाडी आहे, अशी कुटुंबे गोराई, मनोरी आणि मढच्या पट्ट्यात आजही आहेत. त्यांपैकी मनोरीच्या एका कुटुंबाने आपल्या वाडीत जनावरे आणि भाजीपाला यांची सांगड घालायचे ठरवले आणि आखणीसाठी मला बोलावले. ती आखणी आणि तिच्याप्रमाणे चाललेली पहिली दोन वर्षे यांचा हा वृत्तान्त आहे. कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून घरातल्या माणसांचा उल्लेख काका, काकू आणि आजी एवढाच केला आहे.

वाडी वीस गुंठ्यांची, म्हणजे बरोबर अर्धा एकर. त्यातले तीन गुंठे घर, अंगण आणि वाट यांत गेलेले, दहा-एक गुंठ्यांवर चौदा जुने माड वेड्यावाकड्या अंतरांवर उभे, आणि खाडीच्या बाजूचे सुमारे सात गुंठे उघडे. जमीन रेताड, विहीर उथळ. काका नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले, काकूंना बागकामाची मनापासून आवड, आणि आजींनी तर लग्न होऊन या घरात आल्यापासून ही वाडी पाहिलेली. मुलगा रोज फेरीबोटीने मार्व्याला उतरून मालाडला कामावर जातो, त्यामुळे त्याचे हात फक्त रविवारी मिळणार होते. काकांनी आलेखकागदावर नकाशा काढून ठेवला होता. त्यात एक गाय, दहा शेळ्या, शंभर कोंबड्या आणि वर्षभर पुरेल एवढा भाजीपाला होता, आणि प्रत्येकाला किती चौरस फूट जागा लागेल याचे गणितही नीट मांडलेले होते. जागेच्या हिशेबाने तो नकाशा अगदी बरोबर होता. प्रौढ शेळीला छपराखाली दहा-बारा चौरस फूट पुरतात, कोंबडीला दोन. एवढ्या हिशेबात शंभर कोंबड्या आणि दहा शेळ्या एका गुंठ्याच्या आत मावतात, कारण एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट.

माझे म्हणणे सुरुवातीपासून एकच होते. कोकण किनाऱ्यावरच्या वाडीत किती जनावरे राहू शकतील हे गुंठ्यांवर ठरत नाही. ते मे महिन्यात विहीर किती गोडे पाणी देते आणि जुलै महिन्यात किती जागा कोरडी राहते, या दोन गोष्टींवर ठरते. वर्षातले बाकीचे दहा महिने कोणतीही आखणी यशस्वी झाल्यासारखी दिसते.

म्हणून जनावरांच्या खरेदीआधी विहिरीकडे पाहिले. समुद्राजवळच्या रेताड जमिनीत पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते वजनाने हलके असते. शास्त्रातला ठोकताळा असा आहे की समुद्रपातळीच्या वर जर एक फूट गोडे पाणी साठलेले असेल, तर त्याच्या खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोड्या पाण्याचा थर टिकून राहतो. उलट जोराने उपसा करून वरची पातळी एका फुटाने खाली नेली, की खालचे खारे पाणी त्याच प्रमाणात वर सरकते. काकांनी तीन वर्षांपूर्वी दीड अश्वशक्तीचा पंप बसवला होता आणि तेव्हापासून उन्हाळ्यात पाणी मचूळ लागते, अशी काकूंची तक्रार होती. आजी ओटीवर बसून वाल सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितले, “रहाट होता तोवर मे महिन्यातसुद्धा आम्ही हेच पाणी प्यायलो. पंप लावलास आणि विहिरीला श्वास घ्यायला वेळ दिला नाहीस, बाबा.” या एका वाक्यात भूजलशास्त्र जसेच्या तसे आहे. रहाटाने उपसा सावकाश होत असे आणि प्रत्येक पोहऱ्यामागे बाजूच्या रेतीतून गोडे पाणी झिरपायला अवसर मिळत असे.

आम्ही खिशात मावणारे क्षारमापक यंत्र आणले आणि पंपाच्या तोंडाशी ठरावीक अंतराने पाणी मोजत गेलो. मोठ्या पंपावर थोड्याच वेळात आकडा झपाट्याने चढू लागला. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप बसवून, त्याचे शोषणाचे टोक पाण्याच्या वरच्या थरात ठेवून, सकाळी वीस मिनिटे आणि संध्याकाळी वीस मिनिटे चालवल्यावर मात्र तो जवळपास स्थिर राहिला. याचा अर्थ मे महिन्यात ही विहीर दिवसाला सुमारे 1300 लिटर पाणी देऊ शकते, त्याहून अधिक नाही. वाडीचा सगळा आराखडा या आकड्याखाली बसवायचा होता.

आता खर्चाची बाजू. उन्हाळ्यात माडाला ठिबकाने दिवसाला साधारण 40 लिटर पाणी लागते, म्हणजे चौदा माडांना 560 लिटर. एक गुंठा भाजीला उन्हाळ्यात सुमारे 450 लिटर. एवढ्यातच हजार लिटर संपले. शेळी मे महिन्यातही दिवसाला सहा-सात लिटरच पाणी पिते, कोंबडीला अर्धा लिटर पुरून उरतो; म्हणून जनावरांच्या पाण्याची चिंता कुणी करत नाही. पण शेळीचा चारा जे पाणी पितो ते मोजायचे राहून जाते. प्रौढ शेळीला दिवसाला चार किलोच्या आसपास हिरवा चारा धरला, तर दहा शेळ्यांना वर्षाला साडेचौदा टन चारा हवा. भरपूर पाणी मिळाले तर संकरित नेपियर गवत गुंठ्याला वर्षाला एक-दीड टन देते. म्हणजे दहा ते चौदा गुंठे नेपियर, आणि प्रत्येक गुंठ्याला रोज सुमारे 500 लिटर पाणी. काकांच्या नकाशात चाऱ्यासाठी तीन गुंठे होते. विहिरीला तर तेवढेही झेपणारे नव्हते.

शेळ्यांचा आकडा चारवर आला तो असा. नेपियर एकाच गुंठ्यावर ठेवले आणि मार्चनंतर त्याचे पाणी तोडायचे असे ठरले. ते सुकल्यासारखे दिसले तरी बुंधे जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर फुटतात. उन्हाळ्याचा भार झाडपाल्यावर टाकला. कुंपणाला गिरिपुष्प, शेवगा, हादगा आणि थोडे सुबाभूळ लावले, कारण यांची मुळे खोल जातात. सुबाभळीच्या पाल्यात मायमोसिन नावाचा घातक घटक असतो, त्यामुळे चाऱ्यात त्याचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आत ठेवावे लागते, हे काकूंनी गव्हाणीवर खडूने लिहूनच ठेवले आहे. घरच्या दोन फणसांची पाने शेळ्या आवडीने खातात. पावसाळ्यात वाडीत मोकाट वाढणारे गवत फुलोऱ्यावर येताच, म्हणजे सप्टेंबरअखेरीस उघडीप मिळताच कापून वाळवायचे आणि माळ्यावर रचायचे, हे वर्षातले सर्वांत महत्त्वाचे काम ठरले. चार शेळ्यांना दिवसाला एक-एक किलो सुका चारा धरला, तर जानेवारी ते मेअखेर सहाशे किलो लागतो. तेवढे गवत वाडीत निघत नाही. उरलेला भाताचा पेंढा वसईकडून येतो. मनोरीला येणाऱ्या प्रत्येक भाऱ्याला एकतर फेरीबोट लागते, नाहीतर भाईंदर-उत्तनवरून लांबचा फेरा, त्यामुळे पेंढा वर्षातून एकदाच, भातकापणीनंतर लगेच आणला जातो.

गायीचा प्रश्न काकांच्या मनाला लागला होता. “सर, गाय नसली तर वाडी कसली?” असे ते म्हणाले, आणि त्या म्हणण्यामागची ओढ मला कळते. परंतु एक गाय दिवसाला वीस-पंचवीस किलो हिरवा चारा खाते, म्हणजे पाच-सहा शेळ्यांचा घास ती एकटी घेणार. दोन वेळची धार चुकवता येत नाही, म्हणजे दोघांनी मिळून गावाला जाणे बंद. शिवाय नागरी क्षेत्रात गुरे पाळण्यावर आणि त्यांच्या ने-आणीवर नियंत्रण ठेवणारा राज्याचा 1976 चा अधिनियम आहे आणि मुंबईत गुरे ठेवायची तर परवाना घ्यावा लागतो. गाय हवी होती ती मुख्यतः शेणखतासाठी, असे बोलता बोलता पुढे आले. मग खताचाच हिशेब केला. चार शेळ्यांच्या लेंड्या, मूत्राने भिजलेला काडीकचरा आणि कोंबड्यांच्या खुराड्यातला विष्ठामिश्रित भुसा मिळून वर्षाला टनभर खत सहज होते. माडाला वर्षाला 50 किलो धरले तर चौदा माडांना 700 किलो, आणि दोन गुंठे भाजीला गुंठ्याला 200 किलोप्रमाणे 400 किलो. गरज आणि उत्पादन यांची तोंडमिळवणी झाली, आणि काकांनी नकाशावरची गाय स्वतःच खोडली.

जात निवडताना काकांचा कल राजस्थानच्या उंच, देखण्या शिरोहीकडे होता. माझा आग्रह कोकण कन्याळचा होता. सिंधुदुर्गातली ही जात अतिपावसाच्या दमट हवेत पिढ्यानपिढ्या टिकलेली आहे. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी 2200 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; कोरड्या मुलखातल्या शेळीला हा पाऊस सोसत नाही. तिची फुप्फुसे, खूर आणि आतडी तिन्ही एकदम आजारी पडतात.

गोठा हा या सगळ्या आखणीतला मला सर्वांत समाधान देणारा भाग आहे. किनारा नियमन क्षेत्रात पक्के बांधकाम परवानगीशिवाय करता येत नाही, आणि खरे तर शेळीला ते नकोही असते. दहा फूट बाय बारा फुटांचा लाकडी माचा जमिनीपासून साडेतीन फूट उंच बांधला. तळाच्या पट्ट्यांमध्ये दीड सेंटिमीटरची फट आहे: एवढ्या फटीतून लेंडी खाली पडते, पण करडाचा खूर अडकत नाही. लेंड्या खालच्या उतारावर पडतात आणि मूत्र पन्हळीने थेट खतखड्ड्यात जाते, त्यामुळे जुलै महिन्यात बाहेर घोटाभर पाणी असले तरी शेळी कोरड्या लाकडावर उभी असते. पावसाळ्यातला वारा नैर्ऋत्येकडून येतो म्हणून ती बाजू झावळ्यांच्या दुहेरी तट्ट्याने बंद केली आणि गोठा घराच्या ईशान्येला ठेवला, म्हणजे ऐन पावसात, जेव्हा वास सर्वांत जास्त असतो, तेव्हा तो घराकडे किंवा शेजाऱ्यांच्या ओटीवर जात नाही. मुंबईत जनावरे पाळताना शेजारधर्म हा आखणीचाच भाग असतो.

पहिल्या पावसाळ्यात एक दुर्घटना घडली आणि तिचे कारण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. जुलैच्या झडीत करडांना गारठा लागू नये म्हणून घरच्यांनी रात्री गोठ्याला चारही बाजूंनी निळी ताडपत्री बांधली. सकाळी आत डोके घातले तर डोळ्यांत पाणी यावे इतका अमोनियाचा दर्प कोंडलेला होता. ओलावा आणि हा वायू यांनी करडांच्या श्वासनलिका आधी दुखावतात आणि मग न्यूमोनिया धरतो. तीन करडांपैकी दोन गेली. शेळीला थंड हवेपेक्षा कोंडलेल्या ओल्या हवेची भीती अधिक असते. आता छपराखाली दीड फुटाची मोकळी फट तिन्ही बाजूंनी ठेवली आहे आणि ती कशानेही झाकायची नाही असा घरचा दंडक आहे.

त्याहून मोठा बदल विण्याच्या वेळेत केला. शेळीचा गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा असतो. मे-जूनमध्ये बोकड दाखवला तर करडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कोरड्या हवेत आणि गवत मुबलक असताना जन्मतात, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत सात-आठ महिन्यांची दणकट होतात. अडचण एवढीच की माज येण्याच्या या काळात चारा सर्वांत तुटपुंजा असतो. म्हणून त्याआधीचे तीन आठवडे प्रत्येक शेळीला रोज पाव किलो जादा खुराक दिला जातो. चार शेळ्यांसाठी बोकड पाळणे परवडत नाही. गावातल्याच एकाचा आणला जातो, आणि दर दोन वर्षांनी तो बदलायचा, म्हणजे रक्ताची नाती जवळ येत नाहीत. आंत्रविषाराची लस आणि जंताचे औषध पावसाळ्याच्या तोंडावर द्यायचे, जंताचे पुन्हा पाऊस सरल्यावर. पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची, लस एकदा दिली की साधारण तीन वर्षे पुरते.

नर करडे बकरी ईदपर्यंत राखावीत, देवनारच्या बाजारात भाव चांगला मिळतो, असा सल्ला काकांना अनेकांनी दिला. कुर्बानीचा बोकड वर्षभराचा पूर्ण झालेला असावा लागतो. ईद सध्या मे महिन्याच्या सुमारास येते आणि दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. नोव्हेंबरचे करडू त्या वेळी सहा महिन्यांचे असते, म्हणजे त्याला पुढच्या ईदेपर्यंत, मधला पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा खाऊ घालून राखावे लागेल. या वाडीत ते बसत नाही. नर करडे एप्रिलअखेर विकायची, भाव थोडा कमी आला तरी चालेल, हे धोरण दोन्ही वर्षे पाळले गेले.

कोंबड्यांबद्दल थोडक्यातच सांगतो. शंभरांऐवजी वीस गावठी कोंबड्या आणि दोन कोंबडे ठेवले. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशीच अंडी देते, पण खुडूक बसून पिल्ले स्वतः काढते, निम्मे पोट वाडीत भरते आणि मुंगूस दिसला की उडून फांदीवर बसते. रात्रीच्या खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी आहे आणि ती जमिनीत फूटभर पुरलेली आहे. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस मात्र त्रासाची ठरली. शंभर पक्ष्यांची कुपी एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, त्यामुळे काकूंनी आळीतल्या सगळ्या घरांची मोट बांधली आणि आता मालाडहून बर्फाच्या डब्यात एकच कुपी येते व सकाळी दारोदार फिरून संपते. जास्तीचे कोंबडे गटारीच्या आधी विकले जातात, कारण एकदा श्रावण लागला की गिऱ्हाईक थंडावते आणि खाद्य मात्र चालूच राहते.

खतखड्ड्याने मात्र एक अनपेक्षित संकट उभे केले. दुसऱ्या वर्षी माडांच्या कोवळ्या झावळ्या पंख्यासारख्या कातरलेल्या दिसू लागल्या. गेंड्या भुंगा सुईच्या पानाला पोखरतो आणि ते पान उलगडले की इंग्रजी व्ही अक्षरासारखा काप दिसतो. पाडेल्याने वर जाऊन आकडीने दोन भुंगे काढले, पण मूळ खाली होते. खतखड्डा उकरला तेव्हा हातभर खोलीवर, उबदार लेंडीखतात, अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्धवर्तुळाकार वळलेल्या अळ्या निघाल्या. डोके तपकिरी, पोटाचा शेवट काळपट, हातावर घेतल्या तर जड लागणाऱ्या. कुजणारे खत हेच त्यांचे घर. माडांना पोसण्यासाठी शेळ्यांचे खत साठवले आणि तेच खत माडांच्या शत्रूला पोसत होते. उपाय वाडीतच होता. खड्डा दर महिन्याला उलटा करायचा आणि त्या दिवशी कोंबड्या तिथे सोडायच्या. त्या अळ्यांवर अशा तुटून पडतात की खोऱ्याच्या पुढे मागे होत नाहीत. सोबत मेटारायझियम ही हिरवी बुरशी खड्ड्यात ओलाव्यावर मिसळली, जी अळ्यांनाच लागते, आणि माडांच्या वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड व रेती भरली. मूत्राची पन्हळ, ओला खड्डा आणि उंदरांचा वावर एकत्र आले की लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो, म्हणून पावसाळ्यात गमबूट घातल्याशिवाय आणि पायाला जखम असताना कुणीही तिकडे उतरत नाही.

भाजीची आखणी पाण्याच्याच तालावर केली आहे. पावसाळ्यात दोन गुंठ्यांवर मांडव: पडवळ, दोडका, कारली, काकडी. हिवाळ्यात त्याच जागी लाल माठ, मुळा, पालक, वांगी, वाल. मार्चपासून एकच गुंठा राखायचा आणि त्यावर झावळ्यांचे जाड आच्छादन टाकायचे. श्रावणघेवडा पाण्यातला खार मुळीच सोसत नाही, पालक आणि बीट बऱ्यापैकी सोसतात. त्यामुळे वालवर्गीय पिके फेब्रुवारीत संपवली जातात. उन्हाळ्यात मातीत थोडे क्षार साठले तरी जून-जुलैचा पाऊस रेताड जमिनीतून ते धुऊन नेतो, ही या किनाऱ्यावर निसर्गाची मोठी कृपा आहे. घराच्या साठ-एक चौरस मीटर छपरावरून चार महिन्यांत लाखभर लिटर पाणी वाहते. पहिले पाऊस सोडून ते वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीलगतच्या शोषखड्ड्यात उतरवले आहे, आणि पाच हजार लिटरची एक बंद टाकी फक्त जनावरांच्या उन्हाळी पाण्यासाठी राखून ठेवली आहे.

विक्रीत सर्वांत चांगला अनुभव ऋषिपंचमीच्या भाजीचा आला. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून हाताने खणलेल्या वाफ्यातली भाजी लागते, आणि मालाड-बोरिवलीतल्या घरांना ती बाजारात खात्रीने मिळत नाही. काकू मेअखेरीस पडवळ, भेंडी आणि दोडका टोकतात, न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू असतेच, माडांच्या सावलीत सुरण असतो. गणपतीच्या आदल्या आठवड्यात केळीची पाने आणि जास्वंद जाते, आणि पंचमीच्या आदल्या दिवशी भाज्यांचे वाटे करून मुलगा कामावर जाताना घेऊन जातो. पैशाच्या भाषेत बोलायचे तर ही वाडी घर चालवत नाही. घर निवृत्तिवेतनावर आणि मुलाच्या पगारावर चालते. वाडीतून घरची भाजी, अंडी, नारळ निघतात आणि खुराक, लसी, पाडेल्याची मजुरी, पेंढा यांचा खर्च करडे व भाजी विकून भागतो. जो कुणी अर्ध्या एकरात मुंबईत यापेक्षा जास्त मिळवण्याचे आश्वासन देईल, त्याला मे महिन्यातल्या पाण्याचा हिशेब आधी विचारावा.

यंदाच्या मोसमात एक निर्णय बाकी आहे. गेल्या कार्तिकात जन्मलेली एक पाट, म्हणजे तरुण मादी, चांगल्या बांध्याची आहे आणि काकूंना ती घरी ठेवायची आहे. चारा-पाण्याचा हिशेब चार शेळ्यांचाच आहे, म्हणून ती ठेवायची असेल तर थोरल्या शेळीला, जिला गेल्या खेपेस एकच करडू झाले आणि जिचे दात झिजले आहेत, एप्रिलच्या आत दुसरे घर पाहावे लागेल. काकांनी त्यासाठी गावातल्या दोघांशी बोलणी सुरू केली आहेत.